जांभळ्या शालूबद्दल सरजाआत्यास खुलासा

तीर्थरूप सरजाआत्या,
पाथरी मुक्कामी,
सेलूहून महारुद्रचा पाया पडून नमस्कार.

पत्राचं कारण मागून सांगतो, आधी तुमचा गुडघा कसा आहे ते कळवा. थंडी लय पडलीय. जिना चढू नका, आणि चढलातच तर उतरताना कुणाला तरी हाक मारा. आमच्याकडं सगळे खाऊनपिऊन बरे आहेत. आई बरी आहे, फक्त माझ्याशी बोलत नाही. वडील बोलतात, पण ते जे बोलतात ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. जिनिंगमध्ये कापूस धो-धो येतोय आणि मी काट्यावर उभा राहून उसासे टाकतोय. त्यामुळं गाडीवाल्यांना वाटतं की वजनात काहीतरी घोळ आहे, आणि ते दोनदोनदा काटा तपासतात.

बस्त्याला तुम्ही नव्हतात. तिथं काय झालं ते इकडून तिकडून तुमच्या कानावर आलंच असेल, तिखटमीठ लावून. आता माझ्या तोंडून ऐका. सगळा फसाद एका सिनेमाचा आहे. आमच्या गल्लीत दिनकरराव म्हणून रिटायर मास्तर आहेत. त्यांनी घराच्या गच्चीवर धोतर ताणून पडदा केलाय आणि त्याला ‘चित्रपट रसास्वाद मंडळ’ असं नाव दिलंय. मंडळात सर, मी आणि बजरंग टेलर. (बजरंग फक्त चिवड्यासाठी येतो.) तिथं सरांनी एक शोकांत प्रेमकथा लावली. नाव सांगत नाही, तुम्ही बघाल आणि दोन दिवस जेवण सोडाल. गोष्ट एवढीच की पोरगा-पोरगी एकमेकांवर जीव टाकतात आणि शेवटी ती गाडीत बसून जाते ती जातेच. पण सर म्हणाले, गोष्ट बघू नका, वस्तू बघा. एकच वस्तू पडद्यावर पुन्हा पुन्हा आली की ती वस्तू राहत नाही, तिचं प्रतीक होतं. मग त्यांनी सिनेमा थांबवून थांबवून दाखवला. ताटातूट जवळ आली की रेल्वेचं फाटक पडतं. त्याच्या आधी कपातल्या चहावर साय धरते. आणि पोरीच्या अंगावर जांभळी ओढणी आली की समजायचं, आता हिचं काही खरं नाही.

आत्या, तेव्हापासून माझं डोकंच फिरलं. घरून जिनिंगला निघालो की फाटक पडलेलं. जिनिंगमधल्या चहावर साय. (आमचा चहावाला येईपर्यंत साय काय, त्याचं दही लागंल.) रोज सगळीकडं प्रतीकंच प्रतीकं! शिवकन्येला फोन लावायचो तर ती विचारायची, ‘आवाज असा का येतोय?’ मी सांगायचो, ‘फाटक पडलंय.’ ती म्हणायची, ‘मग उघडंल की.’ किती साधं बोलते बघा. तुमच्या शेजारची पोरगी, तुम्हीच जमवलेलं स्थळ, तुम्हाला मी वेगळं काय सांगावं? पण ते ‘उघडंल की’ ऐकलं की मला दिवसभर भूक लागायची, काम सुचायचं, माणसात आल्यासारखं वाटायचं.

तर बस्ता. परभणीच्या दुकानात दोन जीप भरून माणसं. पांढऱ्या गादीवर लुगड्यांचे ढीग, मानाच्या साड्यांवरून दोन्हीकडच्या बाया एकमेकींना गोड बोलून बेजार करायलेल्या, आणि मधे शिवकन्येचे वडील आबासाहेब कोर्टात बसल्यासारखे. नवरीचा शालू काही ठरंना. शेवटी शिवकन्येनं स्वतः हात घालून ढिगातून एक शालू ओढला, खांद्यावर टाकला, आणि सगळ्या माणसांत मान वर करून माझ्याकडं बघितलं. शालू जांभळा. माझ्या डोळ्यांपुढं ती गाडी हालली आणि मी ओरडलो, ‘नको! जांभळा नको, ते मरणाचं प्रतीक हाय!’

लग्नाच्या बस्त्यात मरण! दुकानदाराच्या हातातली घडी तशीच अधांतरी राहिली. माझ्या दगडाबाई चुलतीनं कडाकडा बोटं मोडली. एक म्हातारी तर उठून चपला शोधायला लागली. मी समजवायला गेलो की हे सिनेमातलं आहे, तर आबासाहेब म्हणाले, ‘पोराचं मन दिसत न्हाई.’ शिवकन्येनं तो शालू नीट घडी करून ठेवला आणि तिच्या आईनं पुढं केलेला लाल घेतला, तोही न बघता. त्या दिवसापासून ती फोन उचलत नाही. येत्या रविवारी आबासाहेब आमच्याकडं येणार आहेत, पत्रिका छापायच्या की सोयरीक मोडायची, ते सांगायला.

मी काहीच केलं नाही असं समजू नका. बोरांची पिशवी घेऊन पाथरीला यायला निघालो होतो. तिला काय बोलायचं ते मनात घोळवत जीपमध्ये बसलो आणि उतरलो तो देवगाव फाट्यावर. उलट्या दिशेला! तिथं परतीच्या जीपची वाट बघत सगळी बोरं मीच खाल्ली. (पोट दुखलं ते वेगळंच.) घरी येऊन थेट सरांना जाब विचारला. सर म्हणाले, ‘जांभळा मरणाचा असं मी कधी म्हणलो? ती ओढणी ती पोरगी त्याला भेटायला येतानाच घालती. तो ओढीचा रंग हाय. तुमी मधी घोरत होता.’ असा मास्तर आणि असा विद्यार्थी.

मग मी तो सिनेमा एकट्यानं पुन्हा बघितला, जागा राहून. आत्या, त्यात पुन्हा पुन्हा येणारी खरी गोष्ट सरांनाही दिसली नाही. दर भेटीत त्या पोराच्या ओठांपर्यंत काहीतरी येतं, आणि तो पाणी पितो. दरवेळी. ती थांबते, वाट बघते, आणि हा गडी पाणी पितो! मला इतका राग आला की मी पडद्याला शिवी दिली. तिची आठवण मला कामात येते, जेवताना येते, फोन वाजला की येते आणि नाही वाजला की जास्त येते. हे मी आजवर कुणाला बोललो नाही. तिला तर नाहीच.

बाकी सर्व क्षेम. थोरामोठ्यांना नमस्कार, लहानांना पापे.

तुमचाच भाचा,
महारुद्र

ता. क. – रविवारच्या आत आबासाहेबांना भेटून एवढंच सांगा की पोरगा वेडा नाही, त्याला फक्त सिनेमा बाधला.

ता. क. दुसरा – राहू द्या, आबासाहेबांना काही सांगू नका. ते सिनेमा बघायला मागतील आणि दिनकरराव त्यांनाही प्रतीकं समजावून सांगतील.

ता. क. तिसरा – आत्या, तुमच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्याचं तुमच्या सुनेनं, सविता वहिनीनं कळवलं. डॉक्टरांनी वाचायची मनाई केलीय आणि तुम्हाला आलेलं सगळं शेजारची शिवकन्या वाचून दाखवते, हेही तिनंच सांगितलं. म्हणून तर फोन न करता पत्र लिहिलं.

शिवकन्या, इथून पुढचं मनात वाच. शालू मी दुकानातून आणलाय, जांभळाच. तू तो खांद्यावर टाकून माझ्याकडं बघितलंस तेव्हा मी घाबरलो, ते सिनेमामुळं नाही. इतकं चांगलं माझ्या वाट्याला कसं आलं, आणि आलंय तर राहील का, म्हणून घाबरलो. तू नाही म्हणालीस तर मी तुझ्या वाटेत येणार नाही. पण मला तू पाहिजेस. लय पाहिजेस. आता आत्या विचारतील, ‘का गं थांबलीस?’ तर सांग, त्याचं अक्षर लागत नाही.