कपड्यांपाशी कोण बसणार

आबा, आज मी तुम्हाला रागाने लिहायला बसले आहे. तुमच्या हयातीत तुमच्यापुढे आवाज चढवायची सोय नव्हती. नंतर दरवर्षी पितृपक्षात तुमच्या नावाचं पान वाढताना मनात राग ठेवायचा नसतो म्हणून ठेवला नाही. आज पितृपक्षही नाही आणि तुम्हीही नाही, तेव्हा आज लिहिते.

हे गेल्यावर मुलाने मला इकडे अमेरिकेत आणलं. श्रूजबरी गावाचं नाव. हिवाळाभर बर्फ. मुलगा आणि सून दोघंही कॉम्प्युटरवर नोकऱ्या करतात, पण घराचा जमाखर्च मी लिहिते, कारण दुधाला किती जातात ते दोघांनाही ठाऊक नसतं. नऊ वर्षांची नात आहे. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि आमचं छान चालतं. यंदा हिवाळ्यात नवराबायकोने इथल्या बंदिस्त तलावात जाऊन डायव्हिंग शिकून घेतलं. पाठीवर हवेचं नळकांडं बांधून समुद्राच्या तळाशी जायचं, मासे बघायचे, हात लावायचा नाही, आणि वर यायचं. मग ठरलं की सुट्टीत कॅरिबियनला जायचं. भांडण एवढंच उरलं की किनाऱ्यावरून पाण्यात शिरायचं की बोटीतून.

स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आम्ही बसलो आहोत, मी शेंगा सोलते आहे. मुलगा म्हणतो, "किनाऱ्यावरून म्हणजे आपण आपले राजे. पिकअप भाड्याने घ्यायची, मागे टँक टाकायचे. जिथे उतरायचं तिथे रस्त्याकडेला पिवळे दगड लावलेत, दगड दिसला की थांबायचं आणि सरळ चालत पाण्यात."

"चालत?" सून म्हणाली. "खडकांवरून, ते धूड पाठीवर घेऊन? तुझं ठीक आहे. मी पडले तर उचलणार कोण? बोट लांबच्या प्रवाळाच्या रीफवर नेते, उडी मारली की झालं."

"मला बोट लागते यार. सगळ्या सुट्टीभर मी ओकणार, तुला चालेल?"

"लग्नाच्या फोटोतसुद्धा तू ओकल्यासारखाच दिसतोस. मला सवय आहे."

मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. "आई, तू मांड बघू दोन्ही." मी कागदावर उभी रेघ ओढली आणि दोन्ही बाजू मांडल्या. बोट जवळजवळ दुप्पट महाग निघाली. मुलगा जिंकल्यासारखा हसला. पण सुनेने इंटरनेटवर वाचून दाखवलं की त्या किनाऱ्यावर लोक पाण्यात असताना उभ्या गाडीतून वस्तू जातात, गाडीत काही ठेवू नका असं सगळेच लिहितात. मुलगा म्हणाला, "त्यात काय? आई आहे ना. आई बसेल गाडीपाशी. कपडे, चाव्या, पाकिटं, सगळं सेफ. छत्री लावून देऊ तिला, बसेल स्तोत्रं म्हणत."

प्रेमानेच म्हणाला हो. पण माझ्या हातातली शेंग तशीच राहिली.

मे महिना आहे, आबा. आपल्या विहिरीवर सकाळपासून पोरांची झुंबड आहे. आळीतली, वरच्या वाडीतली, दादा तर आहेच. तुम्ही पंचा नेसून शेवटच्या पायरीवर कमरेएवढ्या पाण्यात उभे आहात. एकेकाच्या पाठीला गोडेतेलाचा रिकामा डबा, डाग देऊन तोंड बंद केलेला, सुंभाने बांधता आहात. पोर पाण्यावर आडवं होतं, तुमचा तळहात त्याच्या पोटाखाली. हळूच हात काढून घेता आणि पोर किंचाळतं, "आबा, सोडू नका!" तुम्ही हसता. ते बुडत नाही. दोन दिवसांनी डबाही लागत नाही. आणि मी वर, रहाटाशी, सगळ्यांच्या चड्ड्या-सदऱ्यांच्या ढिगापाशी बसले आहे, कारण एकदा कुणाच्या तरी सदऱ्यातलं चांदीचं बटण हरवलं होतं आणि तेव्हापासून तुम्ही मला तिथे बसवलंत. मी एकदा विचारलं होतं, मला बांधा ना डबा. तुम्ही वर पाहिलंत, पोरांच्या देखत, आणि म्हणालात, "तुला कुठे पोहत जायचंय? संसारात बुडू नकोस म्हणजे झालं." सगळी पोरं हसली. दादा सगळ्यांत मोठ्याने.

तेवढ्यावर मी तुम्हाला सोडून दिलं असतं. मुलींना कुणीच शिकवत नव्हतं, मलाही नाही, असं म्हणून गप्प बसले असते. पण तुम्ही मला खाडीपलीकडे दिलंत. माहेरी यायचं म्हणजे होडी. दर खेपेला मी डोळे मिटून देवाचं नाव घेत फळीला धरून बसायची आणि होडीतले म्हणायचे, "आबांची लेक ना तू? आणि पाण्याला भितेस?" मी काय सांगणार होते त्यांना? मग तो श्रावण. आईचं जास्त झाल्याचा निरोप आला. खाडी फुगली होती. नावाडी म्हणाला, "नेतो, घाबरू नका वहिनी." दोघीजणी बसल्यासुद्धा. मी पाय आत टाकला, होडी कलली, आणि मी पाय काढून घेतला. एस.टी.ने वळसा घालून दुसऱ्या दिवशी पोचले तेव्हा आईचं सगळं उरकलं होतं, अंगणात राख होती. आणि तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "एवढं काय ते पाण्याला भ्यायचं?"

तुम्ही म्हणालात हे, आबा. तुम्ही.

तर स्वयंपाकघरात मी सांगितलं, "बोट घ्या." मुलगा बघतच राहिला. "आई, तू? चार आण्याच्या कूपनसाठी दोन दुकानं फिरणारी तू?" मी म्हटलं, "हो, मी. मी कपड्यांपाशी बसणार नाही." जरा मोठ्यानेच बोलले असेन, कारण नात टीव्हीसमोरून उठून आली. सुनेने कारण विचारलं नाही. ती म्हणाली, "आई, बोटीवर तुम्हालाही उतरता येईल. जॅकेट असतं, बुडत नाही त्यात." आणि मनगटापासून घोट्यापर्यंत अंग झाकणारा पोहण्याचा पोशाख तिने शोधून आणला. मी किंमत विचारली नाही. तो खर्च मी अजून लिहिलेला नाही.

बोटीवर मुलाने आधी खरंच ओकून घेतलं. "किनाऱ्यावरून असतं तर," तो पुटपुटला. सून म्हणाली, "किनाऱ्यावर तुझे कपडे तुझ्या आईने राखले नसते." मी समुद्राला चिमूटभर साखर वाहिली, नमस्कार केला. मग मुलाने नळकांडं पाठीला लावलं, पट्टे आवळले, आणि मला तुमचा डबा दिसला. तुमचा वर ठेवायचा, हा खाली न्यायचा, एवढाच फरक. दोघं पाठमोरे पाण्यात पडले आणि दिसेनासे झाले.

नात आणि मी शिडीने उतरलो. गुडघे, कंबर, छाती. रोज सकाळी आंघोळीच्या बादलीवर मी सात नद्यांची नावं घेते, आबा, पण जन्मात कमरेच्या वर पाणी माहीत नव्हतं. शिडीची दांडी सुटेना. "लेट गो, आजी, आय हॅव यू," असं म्हणून त्या चिमुरडीने माझ्या पोटाखाली हात घातला. तिला कुणी शिकवलं होतं कोण जाणे. मी हात सोडला. सोडताना ओरडले म्हणे काहीतरी. आणि बुडले नाही.

डोळ्यांवर बांधलेल्या मास्कच्या काचेतून खाली पाहिलं. खूप खाली माझा मुलगा आणि सून, त्यांचे बुडबुडे माझ्याकडे वर येत होते. लोकांना असं काही दिसलं की देव आठवतो. मलाही आठवायला हवा होता. मला रडू आलं ते रागाने. एवढंच होतं? पोटाखाली एक हात आणि घटकाभराचा वेळ? गावातल्या प्रत्येक पोरासाठी तो तुमच्याकडे होता. वरच्या वाडीतल्या, ज्यांची नावंही तुम्हाला धड ठाऊक नव्हती, त्यांच्यासाठी होता. अवघड असतं तर मी तुम्हाला माफ केलं असतं.

वर येऊन शिडीला टेकले तेव्हा ओंजळ पाण्याने भरलेली होती. तुम्हाला पाणी द्यायचा अधिकार दादाचा, मुलीचा नाही, हे मी मानत आले. तिथे मध्यसमुद्रात कुणी अडवणारं नव्हतं. क्षणभर वाटलं, द्यावं. मग मी ती ओंजळ स्वतःच्या डोक्यावर ओतून घेतली.

जेवणाला मी घरून करून आणलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या काढल्या. कॅप्टननेही चार खाल्ल्या. नातीचं मात्र लक्ष माझ्याकडे. "आजी, व्हॉट वेअर यू येलिंग? आबा, सोडू नका, आबा, सोडू नका. हू इज आबा?"

मी म्हटलं, "कुणी नाही गं. पुरी खा."

हे पत्र दादाला वाचायला पाठवावं असं मनात होतं, पण नाही पाठवणार. तो मोठ्याने हसेल. बाकी लिहिलं त्यातलं एक अक्षर मी मागे घेत नाही. पोरीशी मात्र खोटं बोलले, आबा.