श्राद्धाची पानं गल्लीच्या खड्ड्यात

आई, तू बरी आहेस ना? बाबांचा खोकला तिकडे तरी थांबला का? आत्याचे गुडघे? आपली तांबडी गाय अजून तुझ्याच हातानं पाणी पिते का? इथे सगळे धड आहोत. फक्त दादा माझ्याशी बोलत नाही. काल तुझं श्राद्ध झालं, तेव्हापासून.

ऐक तर. मुनिसिपालिटीनं गल्लीच्या टोकाला खड्डा खणून दिलाय. घरोघरचं खरकटं त्यात टाकायचं, वर शेणमाती, आणि खत झालं की सगळ्यांनी वाटून न्यायचं. टोपली घेऊन दारोदार फिरले ती मीच. समोरची विणकरीण हसली. "आमचं खरकटं न्याल अक्का, पण तुमची पानं परसातच पुराल. तुमचं एच्चिल, तुमचं उष्टं, सोन्याचं!" पुढची दोन दारं ते ऐकून मिटली. तिचं खोटं नव्हतं, तू अजून कानात बसलीयस: खरकटं घराबाहेर गेलं की घराची अब्रू गेली. श्राद्धाची पानं तर कुत्र्यानं हुंगू नयेत म्हणून तू स्वतः केळीखाली पुरायचीस, पायानं माती दाबायचीस.

काल ब्राह्मण जेवून उठले. दादा परसात कुदळ शोधतोय, आणि मी पानं टोपलीत भरून पुढच्या दारानं निघालेय. भटजी पायरीवरून ओरडले, "अक्का, पितर काय म्हणतील?"

"जेवून तृप्त झाले म्हणतील. माझी आई आहे, तिचं मी बघते."

अख्खी गल्ली दारात. मी पानं ओतली, माती ओढली. वळते तो विणकरीण मागे उभी, काखेत टोपली. तिनंही ओतलं. मग मिटलेली दारं उघडली.

दादा म्हणतो, आईला उकिरड्यात घातलंस. घातलं तर घातलं! बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, हे तूच म्हणायचीस ना? मग गल्लीचे का फिटू नयेत? पुढच्या वर्षीही तिथेच टाकणार, भटजी येवोत न येवोत.

हे टपालात पडायचं नाही, ठाऊक आहे. पण तुला सांगते, दादाला नाही: त्या पानांवर पहिली ओंजळ आपल्या केळीखालच्या मातीची घातली. पदरात बांधून नेली होती. त्याशिवाय हात ऐकेना.

रागवायचं तर रागव, पण लवकर लिही.