माझ्या जागेवर

प्रिय बारक्या,

बेचाळिशीच्या माणसाला, त्यातून होऊ घातलेल्या खासदाराला, बारक्या म्हणत जाऊ नका, असं परवा पक्षाच्या कार्यवाहांनी मला बजावलं. म्हणून हे चारचौघांत न म्हणता तुझ्या निळ्या शर्टाच्या खिशात घालते आहे. शर्ट इस्त्री करून ठेवलाय, रात्री तुझ्या मुक्कामी पोचता करते. उद्या सकाळी तो घालशील, खिशात चष्मा ठेवायला जाशील आणि कागद हाताला लागेल. फोन केला असता, पण तुझा फोन हल्ली तुझ्याकडे असतो कुठे? तीनदा लावला, तिन्ही वेळा कार्यवाहांनी उचलला आणि उमेदवार विश्रांती घेताहेत म्हणाले. मागे भोंगा कोकलत होता. उद्या दुपारी तीनपर्यंत अर्ज मागे घेता येतो, हे मी तुला सांगायला नको. दोन दिवस मला दुसरं काही सुचत नाही. भिंतीवरचं घड्याळ दिसू नये म्हणून मी खुर्ची फिरवून बसले, तर खालच्या घड्याळवाल्याच्या दुकानात एकामागून एक ठोके सुरू झाले. त्याची निम्मी घड्याळं पुढे आहेत आणि निम्मी मागे, त्यामुळे इथे सदानकदा कुठे ना कुठे तीन वाजतच असतात.

आबांच्या कार्यालयात, माझ्याच टेबलाशी बसून लिहिते आहे. त्यांच्या टेबलावर आता तुझ्या पत्रकांचे गठ्ठे रचलेत. आबा गेल्यावर पंधरा दिवसांनी संसदेच्या कचेरीतून एक पाकीट आलं होतं, ते तुला दाखवायचं राहूनच गेलं. त्यावर नाव आबांचंच. आत लिहिलं होतं, आपणांस कळविण्यात येते की आपली जागा रिक्त झाली आहे. तिकडच्या कोणा कारकुनाने सवयीने तोच जुना पत्ता घातला असणार. मी आधी हसले, मग रडले आणि मग गुमान पाकिटावर आवक क्रमांक टाकला. मला नावं ठेवू नकोस, वीस वर्षांची सवय आहे. आबा तासभर बोलायचे आणि मी त्याच्या चार ओळी करायचे. पाल्हाळ काप, हा त्यांचा एकच हुकूम असे. रस्ता मागणाऱ्याला, दवाखाना मागणाऱ्याला, नुसतंच रागावून लिहिणाऱ्याला, सगळ्यांना गेलेली पत्रं बोलण्याने त्यांची आणि कात्रीने माझी. लोक म्हणायचे, आबा किती मोजकं लिहितात! मग आबा माझ्याकडे बघून मिशीत हसायचे.

शनिवारच्या सभेला मी मागच्या रांगेत बसले होते. तुला दिसू नये म्हणून एका धिप्पाड बाईच्या पाठीमागे जागा धरली होती. तू उभा राहिलास. लहानपणापासून तू 'म'वर अडतोस आणि या मेल्या निवडणुकीत सगळेच शब्द 'म'चे. मतदार, मतदान, मागण्या, माता, मित्र. तू शिताफीने मतदारांना 'नागरिक' केलंस, मित्रांना 'सोबती' केलंस. ते ऐकून मला कौतुकही वाटलं आणि भडभडूनही आलं. पुढे 'माझे वडील' आले आणि तिथे तुला पळवाट सापडली नाही. तू किती वेळ उभा होतास ते मी मोजलं नाही. टाळ्या वाजवून कार्यवाहांनी वेळ मारून नेली. लोकांना वाटलं, वडिलांच्या आठवणीने कंठ दाटला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातही तसंच छापून आलं.

काल तुझ्या बायकोचा फोन आला होता. तिच्यावर रागावू नकोस, मीच खोदून खोदून विचारलं. प्रत्येक सभेआधी तुला उलटी होते, असं ती म्हणाली. तीन आठवड्यांत तुझा पट्टा दोन भोकं आत गेलाय. पाणी तपासण्याच्या खाजगी प्रयोगशाळेतला तुझा राजीनामा तुझ्या साहेबांनी अजून वर पाठवलेला नाही. तुला न सांगता त्यांनी तो खणात ठेवलाय आणि अर्ज मागे घ्यायची मुदत संपली की मगच पाठवणार आहेत. ते म्हणाले म्हणे, पाण्याच्या नुसत्या वासावरून खोट ओळखणारा माणूस मला पुन्हा मिळायचा नाही. तुझ्याबद्दल असं कोणी बोललं की माझी मान ताठ होते. आणि तुझी लेक काय विचारते, तर बाबा जिंकले तर आजारीच राहणार का?

अकरा वर्षांपूर्वीच्या त्या सभेबद्दल आपण दोघं कधीच बोललो नाही. आबांनी हौसेने तुला व्यासपीठावर उभं केलं होतं. तू 'माझे'वर अडलास, आबांनी तुझ्या हातातला माइक घेतला, तुझं वाक्य स्वतः पुरं केलं आणि वर काहीतरी विनोद केला. लोक हसले. तू खाली उतरलास तो थेट बसस्थानकावर गेलास. त्यानंतर आपल्या जेवणाच्या टेबलाशी तू कधी बसला नाहीस. आलास तरी उभ्या उभ्या चहा घेऊन जायचास. खिडकीकडची आबांची खुर्ची आठवते ना? तिथे बसलेल्याचं बोलणं कोणी तोडायचं नाही, हा आपल्या घरातला कायदा होता. मुळात तो आबांनी स्वतःच्या सोयीसाठीच केला होता. आईच्या वाढदिवसाला ते तिला तिथे बसवायचे आणि मग ती सगळ्या वर्षाचं उट्टं काढायची. तू मात्र त्या खुर्चीत कधी बसला नाहीस.

आबांनी जायच्या चार दिवस आधी मला तुझ्या नावाने पत्र लिहायला सांगितलं. ते तुझ्या हाती पडलं तेव्हा आबा राहिले नव्हते. माझ्या अक्षरातलं ते एका ओळीचं पत्र तू पाकिटात जपून ठेवलंस, मला दाखवलंस, कार्यवाहांना दाखवलंस. आता ती ओळ आबांच्या फोटोखाली गावभर चिकटवलीय: 'ये. माझ्या जागेवर बस.' आमच्या इमारतीच्या जिन्यातसुद्धा आहे. रोज वर येताना मी कठड्याकडे तोंड करून चढते. मला डोळ्यांचा त्रास झालाय असं घड्याळवाल्याला वाटतं.

बारक्या, आबा एवढंच बोलले नव्हते. ते बोलले ते असं: "त्याला म्हणावं, जेवायला ये. माझ्या जागेवर बस. काय बोलायचं ते बोल, मी मधे तोंड घालणार नाही." मला वाटलं, अकरा वर्षांनी माणसाला बोलवायचं आणि ते नुसतं जेवायला? ते फारच किरकोळ वाटलं, म्हणून 'जेवायला' काढलं. शेवटच्या वाक्याने तुझी जुनी जखम उघडी पडेल, म्हणून तेही काढलं. पाल्हाळ कापला मी. ते तुझ्याकडे खुर्ची सोपवत होते, पण संसदेतली नाही रे, आपल्या स्वयंपाकघरातली. ते माफी मागत होते, आणि मी नेमकी माफीच कापली. पहिल्याच दिवशी हे सांगायला हवं होतं. पण आबांनी शेवटी आपल्यावर भरवसा टाकला, या आनंदात तू इतका ताठ चालत आलास की माझी जीभच उचलेना. शिवाय तू रोज घरी यायला लागलास आणि मला तेही हवं होतं. मी लबाडी केली. तुला खरंच लढायचं असेल तर लढ, मी दारोदार फिरेन. पण आबांची आज्ञा म्हणून लढू नकोस, कारण तशी आज्ञा त्यांनी केलेली नाही. मागे फिरलास तरी पक्षाचं काही अडत नाही. पंधरा वर्षं राबलेल्या वकीलबाईंचा अर्ज त्यांनी खबरदारी म्हणून भरून ठेवलाय. काय ठरवायचं ते तू ठरव. फक्त उद्या एक वाजता जेवायला ये. खिडकीकडे तुझं ताट मांडते. 'म'वर अडलास तर खुशाल अडून बस, मी मधे बोलणार नाही. तीन वाजायला तेव्हा दोन तास असतील.

तुझीच, आणि या पत्रातला एकही शब्द न कापलेली,
ताई