चौदा पायऱ्यांखालची पहाट

३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

बातमी आधी, खुशाली मागाहून. नव्या नाटकाची प्रकाशयोजना मला मिळाली. मदतनीस म्हणून नव्हे, स्वतंत्रपणे. शिडीवरून पडल्याला चार वर्षं झाली; चाकाच्या खुर्चीतून इथवर यायला तेवढी लागली.

इस्पितळात तू दिव्यांपुढे लावायच्या रंगीत पारदर्शक कागदांचं बाड आणून दिलं होतंस, आठवतं? दुपारी नर्स एकेक कागद खिडकीला धरायची आणि समोरची पांढरी भिंत कधी समुद्र व्हायची, कधी जांभळी संध्याकाळ. मी त्या भिंतीत मैलोगणती फिरून यायचे. या नाटकातली पहाट तिथलीच आहे. राखाडीतून इतकी हळू उगवते, की नेमकं कधी उजाडलं ते कुणाला सांगता येऊ नये.

दिव्यांची खोली चौदा पायऱ्या वर. व्यवस्थापक म्हणाले, दोघं जण खुर्चीसकट उचलून नेतील. वहिनीला सांग, नणंदेची रोज मिरवणूक निघते, थाट बघायला या. प्रयोग बारा एप्रिलला. येशील ना?

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी खारूताई

११ मार्च

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं. वहिनीने शेजारीपाजारी वाचून दाखवलं ते वेगळंच.

उचलून नेणारे नीट धरतात का? पट्टा बांधून घेत जा. आणि व्यवस्थापकांशी वाद घालू नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे. मिळालंय ते जप.

माझ्या येण्याचं विचारू नकोस. अपघात झाला त्या इमारतीत माझं पाऊल पडत नाही. शिडी धरायला मी होतो. माझ्या हातात होतीस आणि पडलीस, याच्या पुढे माझा विचार जात नाही.

प्रकृतीला जप. आशीर्वाद आहेतच.
दादा

३० मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वाद घातला. आता ऐक.

परवा तालमीला मला उचलून नेत होते. दाराशी भूगोलाच्या एक निवृत्त बाई, माझ्यासारख्याच खुर्चीत, हातात चालू नाटकाचं तिकीट. द्वारपाल त्यांना समजावत होता की प्रेक्षागृहालाही पायऱ्या आहेत, नियम आहे, परत जा. त्यांनी मला विचारलं, तुम्ही कशा जाता? म्हटलं, मला उचलतात. त्या म्हणाल्या, “हो. तुमचं काम आहे आत. मला फक्त बघायचं होतं.”

दादा, त्या चिडल्याही नाहीत. मी वर जाऊन बसले, पण एक दिवा धड लागेना.

संध्याकाळी व्यवस्थापकांना सांगितलं, दिव्यांचं टेबल खाली आणा, शेवटच्या रांगेच्या मागे. सहा आसनं काढा, तिथे चाकाच्या खुर्च्या राहतील. बाजूच्या दाराला उतार करा. ते म्हणाले, पुढच्या वर्षी बघू, आणि तुमची गोष्ट वेगळी आहे. मी म्हटलं, “वेगळी नाही. माझा उपयोग आहे, एवढंच.” उतार होईपर्यंत येणार नाही असं सांगून घरी आले. चार वर्षांनी मिळालेलं काम बहुधा गेलं. खूप रडले, हेही लिहिते.

आता दुसरं. त्या दिवशी शिडीवर मी होते, मला दिसत होतं. शिडी ज्या दांडीला अडकवली होती, तिचा झिजलेला आकडाच सुटला. तू खाली शेवटपर्यंत घट्ट उभा होतास. हे मी आधीच सांगायला हवं होतं. त्या क्षणाबद्दल तोंड उघडायचा मलाच धीर नव्हता. माफ कर.

राग आला तरी पत्र टाक.
तुझी खारूताई

१४ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

प्रयोग झाला, आणि मीच केला. आमच्या दिग्दर्शिकेने पाचव्या दिवशी व्यवस्थापकांना बजावलं की हिच्याशिवाय पडदा उघडणार नाही. सुतार दोन दिवस ठोकत होते. उतार इतका उभा झालाय की मागून ढकलायला दोघं लागतात. त्यावरून पुन्हा भांडणार आहे. टेबल खाली आलं; आसनं सहा मागितली, चार काढली.

पण शेवटच्या प्रवेशात भूगोलाच्या बाई माझ्या शेजारी होत्या. आजवर वरून रंगमंच हातभर दिसायचा, माणसं बाहुल्यांसारखी. खालून पहाट आमच्याच अंगावर आली. आधी रंगमंच, मग पुढच्या रांगांची डोकी, मग बाईंचे हात. सगळं पाण्याखालून वर आल्यासारखं. दिवे विझवायची वेळ झाली तेव्हा त्या अगदी हळू म्हणाल्या, “राहू दे थोडं.” मी राहू दिलं. नटही तसेच उभे राहिले.

काल दुसऱ्या नाट्यगृहाने बोलावलं. मी आधी दाराचं विचारलं. बाई म्हणतात, मीही येते, दोघींनी मिळून विचारू.

नाटक अजून महिनाभर आहे. वाट बघते.
तुझी खारूताई

२० एप्रिल

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

तीस तारखेचं पत्र इतके दिवस खिशात घेऊन फिरलो. काल दोन्ही पत्रं वहिनीला वाचून दाखवली. संपायच्या आत ती पिशवी भरायला उठली होती. मी म्हटलं, तिथे जाऊन मी करणार काय? ती म्हणाली, “काही करायचं नाही. बसायचं आणि बघायचं.”

शनिवारी निघतो.
दादा