पाठमोऱ्या चिमट्याचं रडणं

२ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

आई सांगत होती, गळ्याच्या ऑपरेशननंतर तुला आता पत्रंच आवडतात. मोबाईलवर टाइप करून दाखवायचं म्हटलं की मुकी झाल्यासारखं वाटतं, पत्रात काय सगळेच मुके, असं तू पाटीवर लिहून दिलंस म्हणे. मला बरंच झालं. मी तर गळा शाबूत असून मुकी. (हे वाक्य तीनदा खोडलं आणि तीनदा परत लिहिलं. लागलं असेल तर माफ कर.)

इकडे सगळं ठीक. मी अजून चष्मेवाल्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीतच आहे. चाकावर काचा घासते, फ्रेमच्या मापाला आणते. मशीन एवढं घरघरतं की कुणी बोलायला येत नाही, आलंच तर हातवारे करतं. मला ते आवडतं. नववीत शाळा सोडली तेव्हा आई म्हणाली होती, अभ्यास जमत नाही म्हणून सोडली. तसं नव्हतं. उभं राहून धडा वाचायला लागायचा आणि मी तोंड उघडलं की मागच्या बाकावरून भोंगा, भोंगा सुरू व्हायचं. पुढे पुढे घरीही कमीच बोलायला लागले. हे तुझ्याशिवाय कुणाला सांगितलं नाही. लहानपणी तुझाही आवाज असाच जाडा होता ना? आई म्हणते, आपण दोघी एकाच माळेचे मणी.

आता खरी बातमी. चिमट्याचा दुसरा सीझन आलाय. तुला काय सांगायचं म्हणा, पण लिहायला बरं वाटतं. तो घड्याळं दुरुस्त करणारा पोरका पोरगा, खिशात कायम चिमटा, आणि त्याचा मराठी आवाज तू. पहिल्या सीझनचे चोवीस भाग मी किती वेळा पाहिले ते विचारू नकोस. मूळ जपानीतही पाहिले, खालची अक्षरं वाचत. तिथल्या बाईंचा आवाज तुझ्यापेक्षा गोड आहे. पण चिमटा गोड नाहीच मुळी. तो तुसडा आहे आणि त्याला सारखी भूक लागलेली असते. हे तुलाच कळलं.

काचा घासताना मी याचाच विचार करत असते. या जपानी कार्टूनांत, अॅनिमेत, डोळे एवढे मोठे मोठे काढतात, त्यात दिवे, पाणी, सगळं. आणि तोंडाला तीनच चित्रं. मिटलेलं, अर्धं, उघडं. कधी कधी तर एकच चित्र थांबवून ठेवतात, केससुद्धा हलत नाही, तरी आपल्याला रडू येतं. मग ते करतं कोण? चित्र म्हणजे दोरीवर वाळत घातलेला सदरा. तू त्यात हात घालायचीस.

या वेळी चिमट्याला आवाज कुणा नवीन मुलीचा आहे. मी बघणार नाही. ठरवलंय.

लोभ आहे तेवढा पुरे, वाढवायचा त्रास घेऊ नकोस, फक्त कमी करू नकोस.

तुझी,
गोगलगाय


११ फेब्रुवारी

चि. गोगलगायीस,
अ. उ. आ.

गळा शाबूत असून मुकी, यावर मी पोटभर हसले. आता हसले की गळ्याच्या भोकातून फुस्स हवा येते, सायकलची ट्यूब पंक्चर झाल्यासारखी. तुझे काका दर वेळी दचकून माझ्याकडे बघतात. तेव्हा तू काही खोडू नकोस. या घरात सगळे इतकं जपून बोलतात की मलाच त्यांची दया येते.

बघणार नाही, हे चालणार नाही. ती नवी मुलगी मीच निवडली. डबिंगच्या सरांनी सहा जणींचे आवाज ऐकवले, मी हिच्यावर बोट ठेवलं. पहिल्या दिवशी पोर माइकसमोर अशी थरथरत होती की हातातला कागद खडखडला आणि तेच रेकॉर्ड झालं. शेवटी सरांनी कागद समोर चिकटवून टाकला. मी काचेच्या अलीकडे बसून पाटीवर लिहून दाखवायचे, की भूक लागू दे, लाडात येऊ नकोस.

पण ते कसं झालं हे मला कळत नाही गं. मी ऐकायला बसले की मला चिमटा ऐकूच येत नाही, काम ऐकू येतं. काका दहाव्या मिनिटाला घोरतात. सर छान म्हणतात, पण ते मला सगळंच छान म्हणायला लागलेत. चिमटा खरोखरचा आहे असं मानणारी तू एकटीच. तो जिवंत आहे का नाही, एवढंच मला तुझ्याकडून हवंय.

पाचवा भाग नीट ऐक. त्याचे उस्ताद जातात तो. चिमटा पाठमोरा बसून रडतो, चांगलं मिनिटभर. पाठ दिसली की ओठ जुळवायचे नसतात, आवाज मोकळा सुटतो, आणि खोटं असेल तर तिथेच पकडलं जातं. ते रडणं कसं वाटलं ते लिही. माझ्या भिडेखातर काही लिहिलंस तर याद राख.

आणि एक. आमच्या कामात कागदावर मध्ये मध्ये तिरकी रेघ मारतात. रेघ म्हणजे श्वास. नवी मुलगी रेघा मारायला विसरते आणि वाक्याच्या शेवटी बुडते. तुझी वाक्यं वाचून मलासुद्धा धाप लागते, तूही मारत जा.

बाकी काय, माया आहे ती जागच्या जागी आहे.

तुझी,
मावशी


२० फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझ्यासाठी पाचवा भाग बघितला. उस्तादांची खोली तीच, पण सगळी घड्याळं थांबलेली. टेबलावर त्यांचा चष्मा, डावी काच तडकलेली. मला आधी तेच दिसलं, माझं काम तसलं. मग चिमटा पाठ करून बसतो. पाठ इतकी लहान काढलीय की हात फिरवावासा वाटतो.

रडणं मात्र खोटं. खरं लिही म्हणालीस म्हणून लिहिते. नळाचं वायसर गेलं की कसं एका मापात टपटपतं, तसं. उसनं आणल्यासारखं. तुझी सर येणार नाही हे माहीतच होतं, पण एवढं वाईट असेल असं वाटलं नव्हतं. चिमटा मेला, मावशी. तुझ्याबरोबरच गेला तो.

तू वाईट वाटून घेऊ नकोस. तुझी निवड चुकली नसेल, त्या मुलीलाच जमलं नसेल.

आई तुझी रोज आठवण काढते. मी काढत नाही, कारण कधी आत ठेवलेलीच नाही.

लोभ आहे हे दर पत्रात सांगायला हवं का?

तुझी,
गोगलगाय


३ मार्च

चि. गोगलगायीस,
अ. उ. आ.

गोगलगाय आणि पोटात पाय म्हणतात ते काही उगाच नाही.

तू तो भाग बघितलास, ऐकला नाहीस. काचेचा तडा दिसला तुला. पण रडणं ऐकलं असतंस तर असं लिहिलं नसतंस, कारण ते रडणं माझं आहे.

सांगते. दुसऱ्या सीझनची चित्रं लवकर आली होती. ऑपरेशन मंगळवारी होतं, आम्ही आदल्या शनिवारी स्टुडिओत गेलो. मला वाटलं होतं, होतील तेवढे संवाद करून टाकू. पण तिसऱ्या शब्दाला आवाज फाटायचा. चिमटा म्हाताऱ्यासारखा बोलायला लागला. सर म्हणाले, शब्द राहू देत, शब्द कुणाकडूनही घेऊ, तुम्ही मला ते रडणं द्या. मी एका दमात दिलं. दुसरा टेक घेतला नाही. सर बाहेर जाऊन उभे राहिले होते. माझ्या गळ्यातून निघालेलं ते शेवटचं, आणि त्यात एक शब्द नाही.

तुला आधी सांगितलं नाही, कारण न सांगता ओळखतेस का ते बघायचं होतं. माझंही चुकलंच. कुणाची परीक्षा घेऊ नये, शाळा सोडलेल्याची तर मुळीच नाही.

दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडले होते. वायसर डोक्यातून जाईना. मग उठले, आणि हे लिहायला बसले. रागावले नाहीये. रागवायला बरीच हवा लागते.

दुसऱ्या बाजूला परत गाठ आली आहे. डॉक्टर आता ऑपरेशनचं नाव काढत नाहीत, माझ्या साडीचं कौतुक करतात. यावरून काय ते समज. आईला एवढ्यात सांगू नकोस, मीच सांगेन.

तुझ्यावरची माया कमी झालेली नाही, आज नुसती थोडी थकली आहे.

तुझी,
मावशी


९ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

मी आवाज बंद करून बघितला होता.

दुसऱ्या कुणाच्या गळ्यातून चिमटा बोलला की तुझा आवाज खरंच गेला असं होईल, असं मला वाटलं. बंदच ठेवला तर निदान कुणीच बोलत नाही. आणि तुला लिहायचं तर वाईटच लिहायचं, म्हणजे तुझी जागा कुणी घेतली नाही असं होईल. तुला बरं वाटेल म्हणून नाही केलं. मला बरं वाटेल म्हणून केलं.

तुझ्या शेवटच्या आवाजाला मी नळाचं वायसर म्हणाले. हे आता कुठे खोडू?

काल चष्मेवाल्यांनी माझ्या हातातून काच काढून घेतली. एकाच कडेवर घासत बसले होते, निम्मी झाली तरी थांबले नव्हते. मग त्यांनी पाणी आणून दिलं.

रविवारी आई बाहेर जाणार आहे. तेव्हा ऐकते, आवाज लावून, आणि काय ऐकलं ते लिहिते. तोवर थांब. गाठीला म्हणावं, तूही थांब.

लोभ मागायचं तोंड नाही, तरी मागते.

तुझी,
गोगलगाय


१४ मार्च

चि. गोगलगायीस,
अ. आ.

हे नाव तुझ्या मावशीचं, माझा त्यावर हक्क नाही, पण दुसरं कुठलं वापरलं तर तिला आवडायचं नाही.

फोनच केला असता, पण तू फोनवर येत नाहीस, म्हणून लिहितो. तिला दुखू नये म्हणून जे औषध देतात त्याने तिचे डोळे मिटतात, वाचता येत नाही. तुझं पत्र मी वाचायला घेतलं. दोन ओळी झाल्या नसतील, तिनं पाटी ओढली आणि वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं की हवामानाच्या बातम्या वाचताय का. मग पत्र माझ्या हातातून घेऊन उशीखाली ठेवलं आणि खाली लिहिलं, तिचं तिला वाचू दे.

त्या पत्रातली पहिली ओळ तेवढी तिनं ऐकली आहे. आवाज बंद होता, हे तिला कळलं आहे. पुढचं नाही.

चार वर्षांत तुझा आवाज आम्ही ऐकलेला नाही, हे मला माहीत आहे. तरी मागतो आहे. डॉक्टर आठवड्याच्या पुढचं बोलत नाहीत. दुपारी चारच्या सुमाराला ती त्यातल्या त्यात जागी असते. तू नवीन काही लिहिलं असशील तर टपालात टाकू नकोस. फोन कर आणि वाच. मी मोबाईल तिच्या कानापाशी धरेन आणि स्वतः गप्प बसेन. पटलं की नाही ते ती पलंगाच्या दांड्यावर नख वाजवून सांगते. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. माझ्या वाट्याला बहुतेक वेळा दोनदाच येतं.

नाही जमलं तर कुणी तुला दोष देणार नाही.

तुझा,
काका


१७ मार्च, दुपार

ती. मावशीस,
सा. न. वि. वि. /

हे पत्र टपालात टाकायचं नाही. / मी दुकानातल्या मागच्या खोलीतून बोलतेय. / चष्मेवाल्यांनी मशीन बंद केलंय / आणि स्वतः बाहेर जाऊन बसलेत. / ही खोली इतकी शांत असते / हे मला माहीत नव्हतं. / कागद खडखडत होता / म्हणून भिंतीला चिकटवलाय. / आवाज जाडाच आहे माझा. / वर आता कापतोय. / ऐकून घे. /

रविवारी ऐकलं. / आधी काहीच नाही. / चिमटा पाठमोरा, घड्याळं थांबलेली. / मग एक श्वास आला / आणि मी ओळखलं. / रडणं सुरू व्हायच्याही आधी. / आई तुला फोन लावायची तेव्हा / मी मध्येच तिचा फोन कानाला लावून / नुसती ऐकत बसायचे, बोलायचे नाही. / फोन उचलला की हॅलोच्या आधी तू असाच श्वास घ्यायचीस. / तो मला पाठ होता. / चूक माझी एवढीच / की मी कान लावला नाही. /

मग तू रडलीस. / टपटप नाही. / आधी रडायचंच नाही असं ठरवल्यासारखं, / दात दाबून, तुसडं, / आणि मग भुकेल्यासारखं. / मी हातांनी तोंड दाबून ऐकलं, / तुझ्या आवाजात माझा मिसळू नये म्हणून. /

आणि आता त्या मुलीचं. / रडणं संपतं आणि चिमटा म्हणतो, / उस्ताद, मोठं घड्याळ चालू झालं. / हे ती म्हणते. / तुझा श्वास जिथे टेकतो / तिथूनच ती उचलते. / चार वेळा मागे नेऊन ऐकलं. / तू कुठे संपतेस / ते मला सापडलं नाही. /

मेला, असं मी लिहिलं होतं. / जिवंत आहे, मावशी. / त्याला अजून भूक लागते. /

लोभ मागत नाही आता. / इतका दिलास / की तो मला पुरेल. /

तुझी गोगलगाय. /

माझं झालं. / आता मी गप्प बसते, / पण फोन ठेवत नाही. / ऐकू आलं असेल तर नख वाजव, / एकदा. / नाही जमलं तर राहू दे. / नुसता श्वास घे. / तेवढ्यावर मी ओळखते.