संशोधक साहाय्य कक्ष, खोली क्रमांक सात

५ जानेवारी, सकाळी ११
नेमणूक झाली. साहेबांनी, म्हणजे आमच्या मुख्य ग्रंथपालांनी, बोलावून सांगितलं की विद्यापीठाला संशोधकांसाठी वेगळा मदत कक्ष हवाय आणि तो मी सांभाळायचा. बावीस वर्षं उपग्रंथपाल म्हणून झिजलो, शेवटी कुणाच्या तरी लक्षात आलं. पहिल्या मजल्यावरची खोली क्रमांक सात मिळाली. कक्षात तूर्त मी एकटाच, त्यामुळे प्रमुख कोण यावर वाद नाही.
संकल्प: मार्चपर्यंत प्रत्येक संशोधकाची गरज ओळखायची. संदर्भयाद्या करणारं ते सॉफ्टवेअर शिकायचं. ही रोजनिशी रोज लिहायची.

९ जानेवारी
मधले तीन दिवस पाटीत गेले. ‘सहाय्य’ की ‘साहाय्य’? चार कोश पाहिले. ‘साहाय्य’ बरोबर. तसं लेखी कळवलं. पाटी ‘सहाय्य’ अशी आली. परत पाठवली.

१२ जानेवारी
गरजा ओळखायच्या तर आधी सर्वेक्षण हवं. बेचाळीस प्रश्नांची प्रश्नावली तयार केली. घरी बायकोला वाचून दाखवली. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, एवढं भरेपर्यंत त्यांचा प्रबंध लिहून होईल. तिला संशोधनाचा अनुभव नाही.

१९ जानेवारी
प्रश्नावली दोनशे दहा जणांना पाठवली होती. उत्तरं तीन. एक माझंच, चाचणीसाठी भरलेलं. दुसऱ्याने सगळीकडे ‘लागू नाही’ लिहिलंय. तिसरीने बेचाळीस प्रश्न कोरे सोडून खाली लिहिलं, ‘काउंटरच्या बाईंना विचारते, काम होतं.’
आलेख काढला. तेहतीस टक्के संशोधक कक्षाच्या सेवेवर पूर्ण समाधानी आहेत.

२० जानेवारी, दुपारी
गळती कुठे आहे ते कळलं. देवघेव काउंटरच्या बाई. पुस्तकांवर शिक्के मारता मारता लोकांना काहीबाही सांगत बसतात. हे नियतकालिक तिकडे मिळेल, तो प्रबंध अजून बांधणीत आहे, तुमच्या विषयावर कालच एकाने काही मागितलं होतं. ना फॉर्म, ना नोंद. मग माझ्याकडे कोण येणार?
मेमो काढला: ‘संशोधकांच्या शंकांना काउंटरवर परस्पर उत्तरे देऊ नयेत.’ बाईंनी सही केली. विचारलं, शंका नसेल, नुसतं पुस्तक कुठंय एवढंच असेल तर? म्हटलं, तेही वर पाठवा. बरं, म्हणाल्या. बाईंचं ‘बरं’ मला कधीच आवडलेलं नाही.

२७ जानेवारी
पहिली संशोधक. मेमो लागू पडला.
सकाळी शाळेत शिकवतात, दुपारी तीनला इथे येतात. मी त्यांना शिक्षिकाबाई म्हणतो. विषय: गावोगावच्या सुईणी. सात वर्षं काम चालू आहे. दोनदा मुदतवाढ घेऊन झाली. आता एकतीस मार्चला प्रबंध गेला नाही तर नोंदणीच रद्द. त्यांना एक अहवाल हवाय. साठ वर्षांपूर्वी एका परिचारिकेने पायी हिंडून दोनशे सुईणींची माहिती गोळा केली, कोण कुठली, कुणाकडून शिकली, किती बाळंतपणं केली. एकच प्रत, तीही दुसऱ्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात. ती मिळाली नाही तर चौथं प्रकरण अधांतरी, म्हणाल्या. त्यात त्यांची आजीही असावी असं त्यांना वाटतं.
मी फॉर्म भरून घेतला आणि सांगितलं, निर्धास्त राहा. आठ दिवसांत अहवाल तुमच्या हातात. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. यालाच सेवा म्हणतात.

२८ जानेवारी
तिकडच्या ग्रंथालयाला पत्र लिहिलं. फार नेटकं झालं. पण साध्या मेलवर पाठवणं बरं दिसत नाही, कक्षाचं लेटरहेड हवं. बोधचिन्ह स्वतः काढलं: उघडं पुस्तक आणि त्यावर मदतीचा हात. मुलगी कॉलेजातून आली, बघून म्हणाली, बाबा, हा पुस्तक चोरतोय. हात बदलणं आलं.

१० फेब्रुवारी
कार्यशाळा: ‘संशोधक आणि ग्रंथालय, एक नवे नाते’. उपस्थिती सहा. पैकी दोन इलेक्ट्रिशियन, प्रोजेक्टर बघायला आले होते. पण शेवटपर्यंत बसले. प्रोजेक्टर शेवटपर्यंत लागला नाही.
सॉफ्टवेअर पुढच्या आठवड्यात नक्की. पासवर्ड कुठेतरी लिहून ठेवलाय.

१६ फेब्रुवारी
शिक्षिकाबाई अहवालाची चौकशी करून गेल्या. म्हटलं, तिकडची माणसं संथ असतात. त्या हिरमुसल्या. त्यांना रिकाम्या हाताने पाठवायचं जिवावर आलं, म्हणून प्रबंध चाळला आणि सल्ला दिला की तुमची संदर्भ द्यायची पद्धत जुनी झाली, नवी वापरा. तीनशे बारा संदर्भ आहेत. त्यांनी वहीत टिपून घेतलं. आता हाताला काम राहील.

२ मार्च
त्यांच्या मार्गदर्शकांनी सगळे संदर्भ पूर्ववत करायला लावले. विद्यापीठाचा नियम आहे म्हणे, जुनीच पद्धत. दोन आठवडे गेले. मला त्या रागावतील असं वाटलं होतं, पण नाही. म्हणाल्या, सर, तुम्ही फार मनावर घेता. हा अभिप्राय कक्षाच्या त्रैमासिक अहवालात घालायला हवा.

५ मार्च, संध्याकाळी
मुलीला लेटरहेड दुरुस्त करायला दिलं होतं. तिने माझा मेल उघडला आणि विचारलं, बाबा, हे सुईणींचं पत्र ड्राफ्टमध्ये का आहे?
बघितलं. अठ्ठावीस जानेवारी. लेटरहेड झालं की पाठवू म्हणून ठेवलेलं.
ताबडतोब पाठवलं. मिनिटभरात उत्तर आलं. आपोआप येतं तसलं. संबंधित अधिकारी दोन एप्रिलपर्यंत रजेवर आहेत.
बायकोने जेवायला वाढलं. भूक नाही म्हटलं. तिने ताट झाकून ठेवलं.

६ मार्च
शिक्षिकाबाईंना रजेचं सांगितलं. त्या समोरच्या खुर्चीत बसल्या. मग हळूच विचारलं, सर, पत्र गेलं कधी होतं? म्हटलं, प्रक्रिया जानेवारीतच सुरू झाली होती. हे खोटं नाही. त्यांनी मान हलवली, पिशवी उचलली आणि दार हळू लावून गेल्या. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.
तांत्रिक अडचण. कुणाच्याही बाबतीत होऊ शकते.

९ मार्च
चहाला खाली गेलो तर शिक्षिकाबाई काउंटरपाशी उभ्या. डोळे लाल. बाई फोनवर. मेमोचा सरळ सरळ भंग.
ऐकून घेतलं. तिकडच्या ग्रंथालयातही एक काउंटरच्या बाई आहेत. चौदा वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणात या दोघी एका खोलीत राहिल्या, तेव्हापासून फोन चालू आहेत. तिकडच्या बाई स्वतः तळघरात उतरल्या. अहवाल यादीत होता एकीकडे आणि निघाला भलत्याच गठ्ठ्यात. साडेचारपर्यंत एकशे चाळीस पानं स्कॅन होऊन आली. साठावं पान उलटं.
शिक्षिकाबाईंनी काउंटरवरच नावं चाळायला घेतली. रांग थांबली. कुणी कुरकुरलं नाही. एके ठिकाणी त्यांचं बोट थांबलं, आणि बराच वेळ तिथेच राहिलं. आजी होती. बाळंतपणं तीनशे सत्तर. बाईंनी त्यांना आपल्या खुर्चीत बसवलं आणि उभ्यानेच शिक्के मारायला लागल्या.
नंतर बाईंनी मला विचारलं, मेमो मोडलाय, खुलासा लेखी देऊ का? राहू द्या, म्हटलं. अशा वेळी मन मोठं ठेवावं लागतं.

३० मार्च
प्रबंध दाखल झाला. एक दिवस हातात राखून. शिक्षिकाबाई खाली येऊन बाईंना भेटून गेल्या. मी वर होतो. त्यांना जिना चढायचा कंटाळा आला असेल.
त्रैमासिक अहवाल लिहिला: संशोधक एक, समाधान झालेले एक, यश शंभर टक्के. साहेबांकडे पाठवला.

३ एप्रिल
साहेबांनी बोलावलं. अहवाल छान आहे म्हणाले. मग दोनच गोष्टी विचारल्या. पत्र कुठल्या तारखेला गेलं, आणि फोन कुणी केला. मी पार्श्वभूमी समजावून सांगायला लागलो. ते ऐकत होते, पण खिडकीकडे बघत.

६ एप्रिल
आदेश आला. काउंटरच्या बाई खोली क्रमांक सातमध्ये. मी काउंटरवर. याचा अर्थ उघड आहे, ग्रंथालयाच्या दर्शनी जागी अनुभवी माणूस हवा. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, उभं राहायचं काम आहे, चांगल्या चपला घ्या.

१० एप्रिल, दुपारी ४
काउंटरवर पाचवा दिवस. शिक्के वाकडे पडतात, पण वेग वाढतोय. तीनच्या सुमाराला एक पोरगेलासा संशोधक आला. त्याला काय हवं ते भडाभडा बोलला. मला उत्तर माहीत नव्हतं. म्हटलं, थांबा, वर विचारून येतो.
खोली सातपुढे बाकावर चार जण बसलेले. मी पाचवा. नंबर आला. आत टेबलावर फॉर्म नाही, काही नाही. बाईंनी समोरची खुर्ची दाखवली आणि विचारलं, बसा, काय हवंय?
मी आधी कक्षाच्या पुढच्या वाटचालीबद्दल माझ्या दोन-तीन सूचना सांगितल्या. त्यांनी सगळ्या ऐकून घेतल्या. मग पुन्हा विचारलं, पण हवंय काय?
काही केल्या आठवेना. त्या पोराचा विषयसुद्धा मी विचारला नव्हता.
धावत खाली आलो. काउंटरवर कुणी नव्हतं.