बाबांच्या रिव्हॉल्वरची मूठ

टोलेडो, ओहायो
मंगळवार

प्रिय लेलंड,

बाबांचं नेमबाजीचं रिव्हॉल्वर जसंच्या तसं आहे, असं मी फोनवर सांगितलं. ते खोटं होतं. त्यांच्या वाढदिवसासाठी मी त्याची झिजलेली मूठ काढून अक्रोडाच्या लाकडाची नवी बसवून घेतली. कारागीर म्हणाला होता, "बाई, सदतीस सालची मूळ मूठ आहे, निदान जपून ठेवा." मी ती कचऱ्यात टाकली.

दृष्टी गेल्यापासून बाबा सगळं हातानंच बघतात. रिव्हॉल्वर हातात घेऊन म्हणाले, "व्हर्ना, हे कुणाचं गं?" मग रिकाम्या रिव्हॉल्वरचा चाप त्यांनी हळूच ओढला. तो त्यांनीच एक अख्खा हिवाळा घासून मऊ केलेला. त्यांनी लगेच ओळखला.

"छान दिसत असेल," ते म्हणाले. "माझी मूठ कुठंय?"

"कपाटात," मी म्हटलं.

तेव्हापासून ते रोज सांगतात, "राहू दे, तुला नाही जमायचं. लेलंड आला की बसवेल."

गुरुवारी तू येतोयस, म्हणून हे लिहायला बसले. लिहिताना कळलं, आधी बाबांना सांगायला हवं. ते व्हरांड्यात एकटेच बसलेत. मी जाते.

तुझी बहीण,
व्हर्ना